सत्ता थोडी, कायदे फार!
मजूर पक्ष, आपला किनारा आणि मुंबईची विधानसभा : १८ चटपटीत गोष्टी

आपल्या किनाऱ्याने मुंबईला आंबा दिला, मासळी दिली आणि गिरण्यांत राबणारी माणसं दिली. या माणसांच्या बळावर मुंबईच्या विधानसभेत मजुरांचा पक्षही जाऊन बसला. जामसंडे, देवगड, मालवणच्या घराघरांतून कुणी ना कुणी गिरणीत होतं, पण ही गोष्ट आपल्या पोरांना फारशी कुणी सांगत नाही. महाराष्ट्रात मजुरांच्या पक्षाला एकट्याच्या जिवावर सत्ता कधीच मिळाली नाही. तरीही त्यांनी मागितलेले कायदे आज आपल्या सातबाऱ्यावर आणि पगाराच्या चिठ्ठीवर सापडतात. ते कसं झालं, ते बघूया. सुरुवात मात्र सातासमुद्रापलीकडून.

१. जगातलं पहिलं सरकार : मुक्काम आठवडाभर

मजूर पक्षाचं जगातलं पहिलं सरकार लंडनमध्ये आलं नाही. ते आलं ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड या वसाहतीच्या विधिमंडळात, १ डिसेंबर १८९९ रोजी. प्रमुख होते अँडरसन डॉसन. सभागृहात बहुमत नव्हतं, त्यामुळे हे सरकार आठवड्याभरातच पडलं. तरी मजूर राज्य करू शकतात, हे जगाला पहिल्यांदा दिसलं ते इथेच. ब्रिटनमध्ये मजूर पक्षाचा पहिला पंतप्रधान व्हायला १९२४ साल उजाडावं लागलं.

२. आपल्याकडची पाटी : स्वतंत्र मजूर पक्ष

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ऑगस्ट १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष काढला. ब्रिटनमध्ये केअर हार्डींनी १८९३ साली काढलेल्या पक्षाचं नावही हेच होतं, आणि बाबासाहेबांचं शिक्षण लंडनमध्ये झालेलं. पक्षाच्या नावात जात नाही, धर्म नाही. आहे तो मजूर. भूमिहीन, कुळं, गिरणी कामगार या सगळ्यांना एका छत्राखाली आणायचा तो प्रयत्न होता. ‘जनता’ हे साप्ताहिक पक्षाचा आवाज बनलं. झेंडा लाल, त्यावर ११ तारे. त्या वेळच्या ब्रिटिश हिंदुस्थानात प्रांतही ११ होते.

३. १७ उभे, १४ विजयी

१९३७ च्या निवडणुकीत मुंबई विधानसभेत १७५ जागा होत्या. मजूर पक्षाने उमेदवार दिले अवघे १७, निवडून आले १४. वर्षही न झालेल्या पक्षाची ही मजल! त्या काळी मत देण्यासाठी मालमत्ता किंवा शिक्षणाची अट असे. म्हणजे ज्या कुळांसाठी आणि मजुरांसाठी हा पक्ष लढत होता, त्यातल्या कितीतरी जणांना मतदानाचा हक्कच नव्हता. हे ध्यानात घेतलं की १४ हा आकडा आणखी मोठा वाटतो.

४. मतांचा गठ्ठा एकाच पेटीत

मुंबई प्रांतात काही मतदारसंघांतून एकापेक्षा जास्त आमदार निवडले जात. जितक्या जागा तितकी मतं हाती, आणि वाटलं तर ती सगळी एकाच उमेदवाराच्या पदरात टाकायची मुभा. संख्येने कमी पण एकजुटीने पक्का असलेल्या समाजाला या पद्धतीने मोठं बळ दिलं.

५. बाबासाहेबांसमोर क्रिकेटवीर

मुंबईत भायखळा-परळच्या राखीव जागेवर बाबासाहेबांविरुद्ध काँग्रेसने उभे केले पी. बाळू, म्हणजे पळवणकर बाळू. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेणारे डावखुरे फिरकी गोलंदाज! भेदाभेदाच्या काळात मैदानावर आपलं नाव कोरणारा हा माणूस दलित समाजाचा मानबिंदू होता, आणि तरुणपणी बाबासाहेबांनाही त्यांचं कौतुक होतं. निकाल लागला : आंबेडकर १३,२४५, बाळू ११,२२५. दोन मोठी माणसं समोरासमोर आली, आणि गिरणगावच्या मतदाराने विधानसभेत पाठवायला वकील निवडला.

६. सर्वसाधारण जागांवर कोकणची मोहोर

हा फक्त राखीव जागांचा पक्ष, असा समज असेल तर तो सोडा. अनंतराव चित्रे, सुरबानाना टिपणीस आणि शामराव परुळेकर हे तिघे सर्वसाधारण जागांवर निवडून आले, आणि तिघेही कोकणातून. चित्रे आणि टिपणीस १९२७ च्या महाडच्या सत्याग्रहापासून बाबासाहेबांच्या खांद्याला खांदा लावून होते. परुळेकर पुढे कम्युनिस्ट चळवळीत गेले. पत्नी गोदावरी परुळेकर यांच्यासह त्यांनी ठाणे जिल्ह्यातल्या वारल्यांना वेठीविरुद्ध उभं केलं.

७. देवगडला मत, सावंतवाडीला नाही

आजच्या सिंधुदुर्गाचा नकाशा तेव्हा दोन तुकड्यांत होता. देवगड, मालवण, वेंगुर्ला हे ब्रिटिशांच्या रत्नागिरी जिल्ह्यात. सावंतवाडी हे संस्थान. त्यामुळे देवगडचा पात्र मतदार मुंबईच्या विधानसभेसाठी मत देऊ शकत होता, सावंतवाडीच्या प्रजेला ती सोय नव्हती. कोकणातल्या जमिनीचे कायदे मुंबईत ठरायचे, म्हणून १९३७ च्या त्या निवडणुकीला आपल्या बाजूला मोल होतं.

८. साडेतीन महिन्यांचे पंतप्रधान

प्रांताच्या मुख्यमंत्र्याला तेव्हा पंतप्रधान म्हणत. सर्वांत मोठा पक्ष काँग्रेस, पण सुरुवातीला तिने सत्ता घ्यायला नकार दिला. मग १ एप्रिल १९३७ ला साताऱ्याचे पारशी उद्योजक धनजीशा कूपर यांनी अल्पमताचं मंत्रिमंडळ बनवलं. त्यात रेल्वे कामगारांचे पुढारी जमनादास मेहता मंत्री होते. म्हणजे मुंबईच्या पहिल्यावहिल्या मंत्रिमंडळात कामगार चळवळीतला एक माणूस बसला होता. १९ जुलैला कूपर गेले आणि बाळासाहेब खेर आले. खेरांचा जन्म रत्नागिरीचा. त्यांचं नाव पुन्हा येणार आहे.

९. विधानसभेत कामगारांच्या स्वतंत्र जागा

१९३५ च्या कायद्याने मुंबई विधानसभेत ७ जागा खास कामगारांसाठी ठेवल्या होत्या. व्यापार-उद्योगालाही ७ जागा होत्या! कामगारांचं प्रतिनिधित्व कायद्याने मान्य होण्यामागे मोठी पुण्याई होती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची पहिली संघटना बांधली आणि १० जून १८९० पासून रविवारची सुट्टी मिळवून दिली. कुलाबा (आजच्या रायगड) जिल्ह्यातल्या गोरेगावचे ना. म. जोशी १९२० मध्ये देशातली पहिली मोठी कामगार संघटना, आयटक, उभारणाऱ्यांपैकी एक. परळहून जाणारा ना. म. जोशी मार्ग त्यांच्याच नावाचा.

आणि गिरण्यांत होतं कोण? १९११ च्या सुमारास मुंबईच्या गिरणी कामगारांपैकी जवळपास निम्मे एकट्या रत्नागिरी जिल्ह्यातले होते. तेव्हाच्या रत्नागिरीत आपले देवगड, मालवण, वेंगुर्लाही आले. गणपतीला आणि शिमग्याला गावी येणारा चाकरमानी मुंबईतून भेटवस्तू आणायचा, तशी संघटनेची भाषाही आणायचा.

१०. खोताविरुद्धचं विधेयक

आता मुख्य गोष्ट. जुन्या कोकणात सरकार आणि कूळ यांच्यामध्ये खोत असे. तो सरकारला सारा भरायचा आणि कुळाकडून वसूल करायचा. भाताच्या खाचरातलं साधारण अर्धं पीक, वरकस जमिनीतल्या नाचणी-वरीचा तिसरा हिस्सा खोताकडे जायचा. लोक त्याला अर्धेल-तिर्धेल म्हणत. शिवाय वेठ. खोताच्या शेतावर फुकट राबायचं, बोलावलं की जायचं. पाऊस दगा देवो, पूर येवो, खोताचं माप आधी. उरेल त्यात घर चालवायचं, आणि नाही चाललं तर थोरल्या मुलाला मुंबईची बोट धरायला लावायची. गिरणगाव आणि खोती एकमेकांशी जोडलेले होते ते असे.

बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे, मंडणगड तालुक्यातलं. खोती म्हणजे काय, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी विधानसभेत खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. मागणी सरळ होती : मधला खोत काढा, कसणाऱ्याचा सरकारशी थेट संबंध जोडा, आणि खोताला वाजवी भरपाई द्या. हे विधेयक मंजूर झालं नाही. पण खोती हा देवाने घातलेला नियम नसून कायद्याने मोडता येणारी व्यवस्था आहे, ही गोष्ट विधानसभेच्या कामकाजात कायमची नोंदली गेली.

११. २० हजार कुळं विधानसभेच्या दारात

जानेवारी १९३८ मध्ये सुमारे २० हजार शेतकरी मुंबईत मोर्चाने विधानसभेवर गेले. रत्नागिरी, कुलाबा, ठाणे आणि घाटावरूनही माणसं आली होती. त्या काळच्या कोकणातून मुंबई गाठणं किती अवघड असेल, याचा विचार करा. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावली १९९८ मध्ये. त्या काळी आपल्या बंदरांचा मुंबईशी मुख्य संबंध बोटीचा होता. हातावर पोट असलेल्या माणसाने चार दिवसांची मजुरी बुडवायची, तिकिटाचे पैसे गोळा करायचे आणि खोताचा रोष पत्करून निघायचं. परत आल्यावर जमीन हातात राहील याची खात्री नाही. तरीही ती माणसं गेली. पंतप्रधान खेरांपुढे त्यांनी खोती बंद करण्याचं गाऱ्हाणं मांडलं.

कुलाबा जिल्ह्यातल्या चरी परिसरात तर १९३३ पासूनच कुळांनी जमिनी कसायच्या सोडून संप पुकारला होता. नेते नारायण नागू पाटील. हा संप १९३९ पर्यंत, जवळपास सहा वर्षं टिकला. आणि ही पुढची गोष्ट वाचा : त्याच नारायण नागूंची नात मीनाक्षी पाटील १९९९ मध्ये शेतकरी कामगार पक्षातर्फे महाराष्ट्राची राज्यमंत्री झाली.

१२. मोर्चा गेला ती इमारत कुणाची?

तेव्हाची विधानसभा भरायची रीगल सिनेमासमोरच्या कौन्सिल हॉलमध्ये. ही इमारत मुळात बांधली होती खलाशांच्या वसतिगृहासाठी, १८७० च्या दशकात. १९२८ पासून तिथे कायदेमंडळ भरू लागलं ते १९८१ मध्ये नरिमन पॉइंटचं विधान भवन होईपर्यंत. आज तिथे महाराष्ट्र पोलिसांचं मुख्यालय आहे. समुद्रावर राबणाऱ्यांच्या घरात शेतावर राबणाऱ्यांचं विधेयक मांडलं गेलं, हा योग किनाऱ्यावरच्या माणसाने तरी लक्षात ठेवावा.

१३. ७ नोव्हेंबर १९३८ : गिरण्या बंद

खेर सरकारने औद्योगिक कलहाचं विधेयक आणलं. संप करण्याच्या हक्कावर त्याने बंधनं येणार होती. विधानसभेत बाबासाहेबांनी त्यावर कडाडून टीका केली आणि बाहेर मजूर पक्ष, कम्युनिस्ट एकत्र आले. ७ नोव्हेंबरला एक दिवसाचा संप झाला आणि परळच्या कामगार मैदानावर प्रचंड सभा भरली. विधेयक अडलं नाही. पण सभागृहातला विरोध आणि रस्त्यावरचा संप जोडीने चालवायचा, ही रीत मुंबईने तेव्हा पाहिली.

१४. संपानंतर तीनच दिवसांनी संततिनियमन

१० नोव्हेंबर १९३८ ला मजूर पक्षाचे आमदार पी. जे. रोहम यांनी विधानसभेत संततिनियमनाच्या प्रचाराचा ठराव मांडला. भाषण बाबासाहेबांनी तयार केलेलं. ठराव फेटाळला गेला. पण मजुराच्या बायकोचं आरोग्य हा विधानसभेचा विषय आहे, असं म्हणणारा पक्ष १९३८ मध्ये होता! याच विषयासाठी आयुष्य वेचणारे रघुनाथ धोंडो कर्वे कोकणातल्या मुरुडचे, आणि १९३४ मध्ये त्यांच्यावर खटला झाला तेव्हा त्यांचे वकील बाबासाहेब होते.

१५. पक्ष संपला, खातं मिळालं

१९४२ मध्ये स्वतंत्र मजूर पक्षाची जागा शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनने घेतली. त्याच वर्षी बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले आणि १९४६ पर्यंत राहिले. त्यांच्या काळात कारखान्यांतल्या कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणण्याचा कायदा झाला. विरोधी बाकावर बसून जे मिळालं नव्हतं, त्यातलं बरंच त्यांनी खात्यात बसून मिळवलं.

आणि खोतीचं? खेर १९४६ मध्ये पुन्हा मुंबईचे पंतप्रधान झाले होते. त्यांच्याच कारकिर्दीत १९४९ चा खोती उच्चाटन कायदा झाला. ज्या खेरांकडे १९३८ मध्ये कुळं गाऱ्हाणं घेऊन गेली, त्यांच्याच सरकारने शेवटी खोती मोडली. मजूर पक्ष तेव्हा उरला नव्हता, त्याची मागणी मात्र कायदा झाली.

१६. १९७८ : लाल बावटा मंत्रालयात

आता स्वातंत्र्यानंतरचा पक्ष : शेतकरी कामगार पक्ष, म्हणजे शेकाप. शंकरराव मोरे, केशवराव जेधे यांनी १९४७-४८ मध्ये उभारलेला हा पक्ष बरीच वर्षं विरोधी बाकावरच होता. १९७८ च्या निवडणुकीत कुणालाच बहुमत नव्हतं : २८८ पैकी जनता पक्षाला ९९, दोन काँग्रेसना मिळून १३१ आणि शेकापला १३. जुलैमध्ये शरद पवार, वय ३७, पुरोगामी लोकशाही दल या आघाडीचे मुख्यमंत्री झाले. जनता पक्षातले समाजवादी आणि शेकापचे लोक मंत्री झाले. एन. डी. पाटील सहकारमंत्री, सदानंद वर्दे शिक्षणमंत्री, भाई वैद्य गृह राज्यमंत्री, गणपतराव देशमुखही मंत्रिमंडळात.

सरकार टिकलं फेब्रुवारी १९८० पर्यंत, म्हणजे १९ महिने. पण शपथविधीनंतर नवव्या दिवशी, २७ जुलै १९७८ ला, मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव दोन्ही सभागृहांत मंजूर झाला. त्यासाठी पुढे अनेकांना जीव गमवावा लागला आणि नामविस्तार व्हायला १९९४ उजाडलं. २६ जानेवारी १९७९ ला रोजगार हमीचा कायदा अमलात आला. कायदा केला आधीच्या सरकारने, कल्पना विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची. काम मागेल त्याला काम देणं सरकारवर बंधनकारक झालं, आणि २००५ मध्ये देशाने याच वाटेने जाऊन आपला कायदा केला.

गणपतराव सांगोल्यातून तब्बल ११ वेळा आमदार झाले, एकाच पक्षाच्या तिकिटावर. पुढे १९९९ मध्येही ते मंत्री होते. एवढ्या वर्षांत पक्ष बदलायची संधी आली नसेल असं नाही. त्यांनी ती घेतली नाही.

१७. वेल्सची गंमत आणि आपले खासदार

प्रादेशिक संसदेत मजूर पक्ष दीर्घकाळ सत्तेत, याचं ठळक उदाहरण वेल्स. १९९९ मध्ये तिथे स्वतःचं विधिमंडळ आलं आणि पुढची २५ वर्षं सरकारचं नेतृत्व मजूर पक्षाकडेच राहिलं. तरी २०२१ पर्यंतच्या सहाही निवडणुकांत ६० पैकी ३० जागांच्या पुढे तो कधी गेला नाही! कधी एकट्याने, कधी दुसऱ्यांना सोबत घेऊन त्याने कारभार केला.

आपल्याकडे विधानसभेत समाजवाद्यांची सत्ता अल्पकाळ टिकली, पण कोकणाने दिल्लीत माणसं पाठवली. वेंगुर्ल्याचे बॅ. नाथ पै १९५७ पासून राजापूर मतदारसंघाचे खासदार. जगभरच्या समाजवादी युवकांच्या संघटनेचं अध्यक्षपद त्यांनी भूषवलं होतं. त्यांच्यानंतर प्रा. मधु दंडवते १९७१ ते १९९१ सलग पाच वेळा. १९७७ मध्ये रेल्वेमंत्री झाल्यावर त्यांनी १९७४ च्या संपात कामावरून काढलेल्या रेल्वे कामगारांना परत घेतलं आणि दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर गादी घातली. लाकडावर रात्र काढणारा प्रवासी कोण असतो, हे कोकणच्या खासदाराला ठाऊक होतं.

गिरणी संपाचे डॉ. दत्ता सामंत मालवणजवळच्या देवबागचे. १८ जानेवारी १९८२ पासून अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यांच्या मागे संपावर गेले. १९८४ मध्ये, काँग्रेसची लाट असताना, गिरणगावाने त्यांना लोकसभेत पाठवलं. आणि सिंधुदुर्ग जिल्हा जन्मला तो दिवस : १ मे १९८१, कामगार दिन.

१८. घरातच शोधा

हे सगळं जुनं झालं, असं वाटत असेल तर कपाट उघडा. पगाराच्या चिठ्ठीवर व्यवसाय कर दिसतो? रोजगार हमीला पैसा उभा राहावा म्हणून १९७५ मध्ये तो सुरू झाला. कारखान्यातल्या नोकरीत आठवड्याचे ४८ तास लिहिलेत? ते १९४६ चे. रविवारी घरी आहात? लोखंड्यांचे आभार. आता जमिनीचे कागद काढा. जुन्या फेरफारात १ एप्रिल १९५७ ही तारीख, ‘३२ ग’ची सुनावणी, ‘३२ म’चा दाखला असे शब्द सापडतील. तो कूळकायद्याचा कृषक दिन; कसणारा मालक ठरला तो दिवस. त्या कागदावर ज्या पणजोबांचं नाव आहे, त्यांच्यासाठी विधानसभेत अगोदर कुणीतरी उभं राहिलं होतं.

म्हणून एक कळकळीची विनंती. ज्यांच्या घरात ‘आजा मोर्च्याला गेलेलो’ असं सांगणारं कुणी अजून आहे, त्यांनी ते लिहून ठेवावं, फोनवर आवाज टिपून ठेवावा. आमदारांची नावं आणि कायद्यांचे आकडे ग्रंथालयात मिळतील. मोर्च्याला निघताना खोताने काय धमकी दिली, बोटीच्या तिकिटाला पैसे कुणी दिले, परत आल्यावर जमीन राहिली की गेली, हे फक्त आपल्या घरांतच मिळेल. आणि शाळेत नागरिकशास्त्र शिकवणाऱ्या गुरुजींनी आणि बाईंनी १९३७ च्या विधेयकाचा धडा मुलांना त्यांच्याच घरच्या सातबाऱ्यावरून शिकवावा. मुलांना तो जन्मभर लक्षात राहील.